शिकलेला घोडा, शिकणारी बाई

आज कर्जाच्या हप्त्यावर बोलायचं नाही, नागलीच्या पापडावरही नाही. आज बोलायचं आहे घोड्यावर. हसू नका. घोडा आपल्याला परका नाही. लग्नात आपल्या सुवासिनी तांदळाच्या पिठीने भिंतीवर चौक लिहितात, मधे पालघट देवी असते, आणि तिच्या शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. जव्हारजवळच्या शिरपामाळावर तर शिवाजी महाराजांचा मुक्काम पडला होता, सुरतेच्या स्वारीवर जाताना. ती स्वारी झाली जानेवारी १६६४ मध्ये. म्हणजे आपल्या माळाने घोड्यांच्या टापा ऐकलेल्या आहेत. फक्त लगाम हातात धरणारी बाई आपण फारशी पाहिलेली नाही, एवढंच.

हा विषय निघाला तो एका बैठकीत. चीनमधल्या हांगझोऊ इथे २०२३ साली आशियाई खेळ झाले, त्यात भारताला घोडेस्वारीचं सुवर्णपदक मिळालं, असं आम्ही सांगत होतो. तेव्हा एका मावशींनी विचारलं, "चालला घोडा, आणि पदक माणसाला कसं?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून आज ते सविस्तर सांगतो.

ज्या प्रकारात ते पदक मिळालं त्याला म्हणतात ड्रेसाज. नाव ऐकून कपड्यांचा खेळ वाटेल, पण ड्रेसशी त्याचा संबंध नाही. शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा अर्थ जनावराला शिकवून तयार करणं. यात शर्यत नाही. कोण पुढे गेला हे बघत नाहीत. उड्या नाहीत, अडथळे नाहीत. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असं सपाट मैदान असतं, त्यावर बारीक वाळू. कडेला अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. स्वाराने ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली गोष्ट करून दाखवायची. इथून आत या, मधोमध थांबा, सलामी द्या. या अक्षरापासून दुडकी, त्या अक्षरापाशी वीस मीटरचा गोल, पुढच्या कोपऱ्यात साधी चाल. ऐकायला सोपं आहे. पण गोल म्हणजे गोलच हवा, अंड्यासारखा झाला की गुण गेले. थांबायचं म्हणजे चारही पाय चौरस ठेवून, दगडी नंदीसारखं स्थिर.

घोड्याच्या चालींना ठेका असतो. साधी चाल चार ठेक्यांची, दुडकी दोन ठेक्यांची, आणि तिच्यापुढची जी झुलती धाव असते तिला कँटर म्हणतात, ती तीन ठेक्यांची. हा ठेका मोडता कामा नये, ही या खेळातली पहिली अट. वरच्या पातळीवर घोडा जागच्या जागी दुडकी चालतो, एक पाऊलही पुढे न टाकता. पाय तिरके टाकत आडवा सरकतो. धावता धावता पुढचा पाय बदलतो, दर पावलाला. शेवटच्या फेरीत तर संगीत असतं, आणि ते संगीत घोड्याच्या चालीला जुळवून निवडतात. आपल्याकडे तारपा वाजतो आणि नाचणारे त्याच्या सुरावर वळतात. तिथे उलटं आहे, आधी घोड्याचं पाऊल आणि मग त्याला साजेसा सूर.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं स्वार घोड्याला सांगतो कसं? तोंडाने नाही. स्पर्धेत जीभ टाळ्याला लावून 'टक्‌' असा आवाज काढला तरी गुण कापतात. सांगायचं ते बसण्यातून. कंबर किंचित आवळली, वजन डाव्या बाजूला बोटभर सरकवलं, उजवी पोटरी थोडी मागे लावली, लगामावरची मूठ ओल्या कपड्याचं पाणी निथळवावं तशी हळूच मिटली. एवढंच. घोड्याच्या अंगावर बसलेली माशीसुद्धा त्याला कळते, कातडी थरकवून तो ती उडवतो. मग पाठीवरच्या माणसाचं वजन त्याला कळणार नाही का? अडचण घोड्याच्या कळण्यात नाही, आपल्या सांगण्यात आहे. नवशिका स्वार एकाच वेळी पाच गोष्टी सांगत असतो आणि त्यातल्या चार त्याला स्वतःलाही माहीत नसतात. पाय म्हणतात पुढे जा, घाबरलेले हात म्हणतात थांब, आणि कंबर धपाधप आपटत असते ती निराळीच.

म्हणूनच नव्या स्वाराला जुना घोडा देतात. घोडेस्वारीच्या जगात अशा घोड्याला मास्तरच म्हणतात, शाळेतले मास्तर असतात तसे. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. घरातल्या पोराच्या हातात पहिल्यांदा नांगराचं रुमणं देतात तेव्हा पुढे कोणती जोडी असते? नवीन गोऱ्हे कधीच नसतात. दहा आवण्या पाहिलेली जुनी बैलजोडी असते. तास सरळ कसा काढायचा, बांधापाशी कुठे वळायचं, चिखलणीत कुठे पाय रुततो, हे त्या बैलांना पोरापेक्षा जास्त ठाऊक. पोरगा नांगर शिकतो तो बापाकडून जेवढा, तेवढाच बैलांकडून.

घोड्याचंही तसंच. तीन-चार वर्षांचा झाला की त्याला खोगिराची सवय लावतात. तिथून पुढे ड्रेसाजच्या सगळ्यात वरच्या परीक्षेपर्यंत पोचायला अनेक वर्षं लागतात. आठ वर्षांच्या आतल्या घोड्याला त्या परीक्षेला मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये घेतच नाहीत, आणि बरेच घोडे त्यानंतरच तिथे पोचतात. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. ऐन उमेदीत त्याच्यावर पट्टीचे स्वार बसतात, आणि सांधे थोडे कुरकुरायला लागले, मोठी स्पर्धा झेपेनाशी झाली की त्याच्याकडे शिकवण्याचं काम येतं. चांगल्या स्वभावाचा असला तर ते काम तो पुढे अनेक वर्षं करतो.

शिकण्याची सुरुवात बघा कशी असते. पहिले कित्येक दिवस नवशिक्याच्या हातात लगामच देत नाहीत. शिक्षक लांब दोरीने घोडा आपल्याभोवती गोल फिरवतात आणि शिकणारी बाई वर नुसती बसते. कधी रिकिबीतूनही पाय काढायला लावतात. असं का? तर पडायची भीती वाटली की माणूस हाताला मिळेल ते पकडतो, आणि हातात लगाम असेल तर तो ओढ घोड्याच्या तोंडात जातो. जिभेवर लोखंड आहे त्याच्या. बाईची भीती आणि घोड्याचं तोंड यांची गाठ पडू नये, म्हणून आधी बसायला शिकवायचं. पाच-सहाशे किलोचं जनावर असलं तरी पाठ त्याचीही दुखते. खोगिरात धपधप आपटणारं माणूस म्हणजे त्याच्यासाठी डोक्यावर डचमळणारा हंडा. तुम्ही विहिरीवरून दोन हंडे घेऊन चालता तेव्हा चुंबळ नीट बसली नाही तर मान कशी धरते? तसंच ते.

मग लगाम हातात येतो आणि खरी मजा सुरू होते. जुना घोडा प्रामाणिक असतो. विचारलं तेच करतो, तुम्हाला काय विचारायचं होतं ते करत नाही. तुम्हाला हवी होती कँटर, पण वजन चुकीच्या कुल्ल्यावर गेलं, तर तो शांतपणे आडवा सरकायला लागतो. तुम्ही म्हणता, घोडा बिघडला. शिक्षक खालून म्हणतात, घोडा बरोबर आहे, तुम्ही आडवंच सांगितलं. पुन्हा करा. विसाव्या वेळी कधीतरी वजन योग्य जागी पडतं, आणि त्याच क्षणी घोडा उचलतो, अगदी लोण्यासारखा. ती जी जाणीव अंगाला होते ना, ती पुस्तकातून मिळत नाही आणि शिक्षकाच्या ओरडण्यातूनही नाही. ज्याला ती गोष्ट येते त्याच्याच पाठीवर ती मिळते. कोवळ्या घोड्यावर कोवळी स्वार बसवली तर दोघांनाही बरोबर काय ते माहीत नसतं, मग चूक कोणाची हे तरी कसं ठरणार?

उमेदच्या कामात सुरुवातीला दुसऱ्या जिल्ह्यातून वर्धिनी ताई यायच्या. पंधरा-पंधरा दिवस गावात राहायच्या, गट बांधायच्या. त्या काही मोठ्या शिकलेल्या नव्हत्या, पण स्वतःच्या गावात दहा वर्षं गट चालवून आलेल्या होत्या. बैठकीत कोणी खोटा हिशेब सांगितला की त्या भांडायच्या नाहीत, नुसत्या पुन्हा विचारायच्या. घोड्याचं हे सगळं वाचताना आम्हाला त्या वर्धिनी आठवल्या. त्यांना घोड्याची उपमा दिली म्हणून रागावणार नाहीत, एवढी खात्री आहे.

पण जुन्या घोड्यात एक धोकाही असतो, आणि आमच्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. जुना घोडा हुशार असतो. परीक्षेतल्या चाली त्याला पाठ होतात. त्या कोपऱ्यानंतर दुडकी असते हे त्याला माहीत असतं, म्हणून स्वाराने सांगायच्या आधीच तो दुडकी सुरू करतो. बांधापाशी आलेला जुना बैल कसा आपणहून वळतो, तसा. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय छान चाललंय. नवशिक्या बाईलाही वाटतं की आपल्याला आलं. प्रत्यक्षात ती फक्त बसलेली असते, आणि घोडा तिला फिरवून आणत असतो. लहान स्पर्धेत अशाने बक्षीसही मिळून जातं. मग एक दिवस तो घोडा लंगडतो, तिला दुसरा मिळतो, आणि त्या दिवशी कळतं की आपल्याला काहीच येत नाही. म्हणून चांगले शिक्षक अख्खी परीक्षा रोज सलग करू देत नाहीत. तुकडे करतात, क्रम बदलतात, त्याच कोपऱ्यात आज थांबायला लावतात. घोडा बेसावध राहावा म्हणून नव्हे, बाईने खरोखर सांगावं म्हणून.

आता आपल्या गटांकडे बघा. कितीतरी गटांत हिशेबाची वही एकाच ताईच्या हातात असते. तिला सगळं येतं, बँकेतला साहेब तिला ओळखतो, ठराव ती लिहिते, बाकीच्या सह्या करतात. प्रतवारीत गट वरच्या वर्गात बसतो. मग ती ताई लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने नाशिकला जाते, किंवा घरची सगळी वीटभट्टीवर जातात, आणि व्याजाचा आकडा कसा काढायचा हे दहापैकी एकीलाही सांगता येत नाही. दोष त्या ताईचा नाही. पण आजपासून वही दर महिन्याला दुसऱ्या हातात जायला हवी, आणि येणाऱ्या ताईने शेजारी बसून तोंड मिटून बघायला हवं. तोंड मिटणं सगळ्यात कठीण, हे आम्ही पुष्कळ गटांत पाहिलंय.

बरं, स्पर्धेकडे येऊ. मैदानाच्या कडेने पंच बसतात, मोठ्या स्पर्धेत पाच किंवा सात. परीक्षेतल्या प्रत्येक चालीला शून्य ते दहा असे गुण देतात. शून्य म्हणजे केलंच नाही, पाच म्हणजे जेमतेम, आठ म्हणजे चांगलं, दहा म्हणजे उत्तम. सगळे मिळवून टक्के काढतात. वाट चुकली तर घंटा वाजते, गुण कापले जातात, पण चुकलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करू देतात. पंच घोड्यावरची नजर काढत नाहीत, ते बोलतात आणि शेजारी बसलेला लेखनिक लिहून घेतो. 'गोल आत आला', 'मान आखडली', 'थांबणं छान'. हा कागद स्पर्धेनंतर स्वाराला मिळतो. हौशी स्वारासाठी पदकापेक्षा या कागदाचं मोल जास्त असतं, असं आम्हाला वाटतं. कुठल्या चालीला चार मिळाले आणि का, हे त्यावर लिहिलेलं असतं. आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेवर नुसता आकडा असतो, कारण नसतं.

आणि मावशींच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. निकालाच्या यादीत माणसाच्या नावाशेजारी घोड्याचं नाव छापलेलं असतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जायचं तर घोड्याचा स्वतःचा पासपोर्ट लागतो. गुण जोडीचे असतात. गळ्यात मात्र पदक माणसाच्याच पडतं, कारण सही त्याची असते.

हांगझोऊच्या संघात चौघं होती. मुंबईचा हृदय विपुल छेडा, कोलकात्याचा अनुष अगरवाला, इंदूरची सुदीप्ती हजेला आणि जयपूरची दिव्यकृती सिंग. दोन मुलगे, दोन मुली. हृदयच्या घोड्याचं नाव एमराल्ड, अनुषच्या घोड्याचं एट्रो. २६ सप्टेंबर २०२३ चा दिवस. नियम असा की चौघांपैकी उत्तम तिघांचे गुण धरायचे. अनुषला ७१.०८८, हृदयला ६९.९४१ आणि दिव्यकृतीला ६८.१७६. बेरीज २०९.२०५. दुसऱ्या आलेल्या चीनचे झाले २०४.८८२. १९८२ च्या दिल्लीतल्या खेळांनंतर घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळालं ते थेट ४१ वर्षांनी. सुदीप्तीचे गुण मोजले गेले नाहीत, पण पदक तिलाही मिळालं, आणि ते योग्यच आहे. चौथी व्यक्ती मैदानात उतरून ६६.७०६ गुण करून बसलेली असते तेव्हा बाकीच्यांच्या पोटातला गोळा कमी होतो. गटात बचत नियमित भरणारी पण कर्ज न घेणारी बाई असते ना, तिच्यामुळे गट उभा राहतो, तशीच ही.

दोनच दिवसांनी वैयक्तिक अंतिम फेरी होती. पात्रता फेरीत हृदय पहिला आला होता. सगळ्यांना वाटत होतं, पदक आता हातात आहे. अंतिम फेरीत त्याच्या घोड्याच्या पायाला रक्त दिसलं आणि तो बाद झाला. मारलं म्हणून नव्हे. रक्त दिसलं की खेळ थांबतो, कारण काहीही असो. त्या दिवशी अनुषने ७३.०३० गुण मिळवून कांस्यपदक आणलं. आशियाई खेळांत ड्रेसाजमधलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजला उतरणारा पहिला भारतीयही तोच.

हृदयच्या त्या बाद होण्याबद्दल ऐकून आमच्या काही मैत्रिणी हळहळल्या. आम्हीही हळहळलो. पण नियम आम्हाला पटतो. जनावर बोलू शकत नाही, तर त्याच्या बाजूने नियमाने बोलायला हवं. पॅरिसच्याच वेळची गोष्ट आहे. ब्रिटनची शार्लट डुजार्डिन, घोड्यांची देखभाल करता करता स्वार झालेली, ऑलिम्पिकची अनेक पदकं मिळवलेली. शिकवत असताना तिने घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारल्याचं चित्रण बाहेर आलं. तिला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली आणि पुढे एक वर्षाची बंदी आली. इतकं सगळं येत असलेल्या बाईचा हात उठतो, म्हणजे येणं आणि धीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पराणीला आर लावतात. कशासाठी लावतात आणि किती वेळा टोचतात, ते ज्याने त्याने आपल्या गोठ्यात बघावं.

आता बायकांचं. या खेळात बाई आणि पुरुष एकाच मैदानात, एकाच यादीत. वेगळी रांग नाही. पण हे सुरुवातीपासून नव्हतं. ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज आलं १९१२ साली, आणि १९४८ पर्यंत त्यात फक्त लष्करी अधिकारी उतरू शकत. साधा शिपाईसुद्धा नाही. १९४८ साली स्वीडनच्या संघाने सुवर्ण जिंकलं, आणि त्यातला एक स्वार मुळात सार्जंट आहे, स्पर्धेपुरता अधिकारी केला होता, असं उघड झाल्यावर ते पदक काढून घेतलं. घोड्याने काम बरोबर केलं होतं, स्वाराने बरोबर केलं होतं, पण त्याचा हुद्दा लहान होता. नंतर नियम बदलला. १९५२ ला हेलसिंकीत तोच सार्जंट पुन्हा उतरला आणि त्याच्या संघाने पुन्हा सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी पहिल्यांदा बायकांना पुरुषांबरोबर उतरू दिलं. चार बाया आल्या.

त्यातली एक डेन्मार्कची लिस हार्टेल. तिला १९४४ साली पोलिओ झाला, तेव्हा ती २३ वर्षांची होती आणि पोटात दुसरं मूल होतं. बाळ सुखरूप झालं, पण तिच्या गुडघ्याखालच्या पायांत कधी जीव आला नाही. आधी हात उचलायला शिकली, मग रांगायला, मग कुबड्यांवर चालायला. आणि मग पुन्हा घोड्यावर बसली. सुरुवातीला वारंवार पडली. तिच्या घोडीचं नाव जुबिली. मघाशी आम्ही म्हटलं ना, पोटरी थोडी मागे लावायची? ती हिला जमणार नव्हती. मग तिने जुबिलीला पाठीच्या आणि वजनाच्या खुणा शिकवल्या, आणि जुबिली त्या शिकली. हेलसिंकीत तिला घोडीवर चढवायला आणि उतरवायला माणसं लागली. तिथे तिने रौप्यपदक मिळवलं, पुरुष अधिकाऱ्यांना मागे टाकून. १९५६ ला पुन्हा रौप्य. आज अपंग मुलांना घोड्यावर बसवून उपचार देतात, त्या कामालाही तिच्या उदाहरणाने बळ मिळालं. १९९६ पासून पॅरालिम्पिकमध्ये अपंगांचं ड्रेसाज आहे.

आता तुमच्या मनातलं आम्हाला ऐकू येतंय. हे आपल्या पोरींना परवडणार का? खरं सांगायचं तर नाही. हा श्रीमंतांचा खेळ आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हांगझोऊची चौघं वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकली, त्यांचे घोडे तिकडेच होते. इथल्या घोड्यांना परदेशी स्पर्धेला न्यायला रोगमुक्तीच्या दाखल्याची अडचण होती. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्रातल्या एका भागाला जागतिक मान्यता मिळाली, आता ती वाट थोडी मोकळी होईल. पण घोडा पाळणं म्हणजे पागा, मोतद्दार, चंदी, दर काही आठवड्यांनी नाल, डॉक्टर. आणि एक घोडा दिवसाला तीसेक लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मे महिन्यात टँकरच्या मागे धावणाऱ्या मोखाड्यातल्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

शिकण्यासाठी मात्र स्वतःचा घोडा लागत नाही. मुंबईत महालक्ष्मीला १९४२ पासून हौशी स्वारांचा क्लब आहे, ॲमॅच्युअर रायडर्स क्लब. पुण्याकडेही शाळा आहेत. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे अशा ठिकाणी पुन्हा शिकवून वापरतात. तिथली फी आपल्यासाठी जास्तच. पण दुसऱ्या दोन वाटा आहेत ज्या पैशावर अडत नाहीत. एक, एनसीसीमध्ये रिमाउंट अँड व्हेटरनरी नावाची पथकं असतात. त्यात कॉलेजातल्या मुलींनाही घोडेस्वारी शिकवतात. आपल्या राज्यातही अशी पथकं आहेत. दुसरी, जनावरांच्या डॉक्टरकीची. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट खुली आहे. आश्रमशाळेतल्या मुलीला गाईचं वासरू अडलं तर कळतं, शेळी आफरली तर कळतं. तिला तिथे काही पहिल्यापासून शिकवावं लागणार नाही. प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याची आणि वैधता प्रमाणपत्राची तयारी अकरावीतच सुरू करा. बारावीच्या निकालानंतर पळापळ करून ते वेळेत हाती येत नाही.

मागच्या आठवड्यात एका आजीने आणखी एक विचारलं होतं, वयाचं. घोड्यावर बसायला किती वय चालतं? आजी, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या लॉर्ना जॉन्स्टन ड्रेसाजला उतरल्या तेव्हा त्यांचं वय होतं ७०. चढायला लाकडी पायरी ठेवतात. खाली उतरताना मात्र दोन्ही पाय रिकिबीतून आधी काढायचे, एक पाय अडकवून उतरू नये.